साके जेवले का?

क्झिलोर्दाहून अल्माटीच्या विद्यापीठात आली तेव्हा तोग्झानला वाटलं होतं, पेशीविज्ञानातली डॉक्टरेट म्हणजे फार मोठी डोक्याची कामं असतील. निघाली ती आयागिरी. दिवसाआड बाटल्यांतलं शिळं द्रव ओतून द्यायचं, ताजं गुलाबी द्रव घालायचं आणि पेशींना पुन्हा उबदार कपाटात ठेवायचं. पेशींना रविवार कळत नाही, सणवार कळत नाहीत. सख्ख्या भावाच्या लग्नात पाहुणे मटणाच्या बेश्बार्माकच्या ताटांभोवती बसले आणि तोग्झान गाडी पकडायला पळाली. आईने ते अजून मनात धरून ठेवलंय.

बरं, पेशीही साध्यासुध्या नव्हत्या. तिचे मार्गदर्शक तुलेगेन आगाय, आगाय म्हणजे गुरुजी. त्यांचे थोरले भाऊ सागिंदिक अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले, त्याला चाळीस वर्षं व्हायला आली. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा तुकडा आगायनी डॉक्टरांकडून मागून घेतला आणि त्यातल्या पेशी बाटलीत वाढवल्या. भाऊ गेला, पेशी वाढत राहिल्या. आमच्यात थोरल्यांचं नाव उघडं घेत नाहीत, सागिंदिकचं मानाने साके होतं. मग बाटलीलाही सगळे साकेच म्हणू लागले. साके जेवले का, साके आज मरगळलेत, साकेंना जरा मोठी बाटली द्या. नवीन आलेला विद्यार्थी हसायचा आणि आठवड्याभरात स्वतःही तसंच बोलायला लागायचा. दर गुरुवारी चौऱ्याहत्तर वर्षांचे आगाय यायचे, सूक्ष्मदर्शकावर वाकायचे, हलकेच सलाम म्हणायचे आणि मगच कामाचं विचारायचे.

तोग्झानने चार वर्षं साकेंवर एका नव्या औषधाचा परिणाम तपासला. निष्कर्ष चांगले आले. डॉक्टरेटसाठी परदेशी नियतकालिकात एक लेख छापून येणं सक्तीचं होतं आणि मुदत होती जूनअखेरची. फेब्रुवारीत संपादकांचं उत्तर आलं की लेख आवडला, फक्त पेशी कोणाच्या आहेत याच्या तपासणीचा दाखला जोडा. एवढंच ना, म्हणून तिने नमुना पाठवून दिला. त्या आठवड्यात ती आईशी फोनवर गुणगुणल्यासारखी बोलत होती.

तपासणीचा निकाल आला. पेशी पुरुषाच्या नव्हत्याच. सत्तर वर्षांपूर्वी एका परदेशी बाईच्या गाठीतून काढलेल्या, जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असतात, त्या पेशी होत्या. अन्ननलिकेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तिने दुसऱ्यांदा नमुना पाठवला, मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तीच बाई निघाली. इतक्या वर्षांत कोणी तपासलं कसं नाही, असं कोणी विचारील. विचारणाऱ्याने आगायसमोर उभं राहून, तुमचे भाऊ हेच कशावरून, असं म्हणून दाखवावं.

तिने कागद आधी लारिसा पाव्लोव्नाला दाखवला. ही तिथली कोरियन मदतनीस, प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी बाई. आगाय सभा-परिषदांना जायचे, साकेंना सांभाळायची ती. तिने कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि चहा पिता पिता तीसेक वर्षांपूर्वीच्या, देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या त्या वाईट हिवाळ्याचं सांगू लागली. वीज चार दिवस गेली होती. नायट्रोजन तर वर्षभर मिळत नव्हता, त्यामुळे गोठवून ठेवलेला साठा आधीच मेला होता. उरल्या होत्या दोन बाटल्या, एक साकेंची आणि एक त्या परदेशी बाईची.

"दोन्ही स्वेटरच्या आत बांधल्या आणि घरी नेल्या. चार दिवस बसूनच झोपले. घामाने नावांच्या चिठ्ठ्या सुटल्या. शेवटी पाहिलं तर एक बाटली मेलेली, एक जिवंत."

"कुठली जिवंत, ते कळलं नाही तुम्हाला?"

"कसं कळणार? प्रयोगशाळेत गेले तर आगाय दारातच उभे. साके आहेत ना, म्हणाले. मी म्हटलं, आहेत." तिने कप खाली ठेवला. "त्यांना सांगू नकोस ग. म्हातारा कोसळेल."

तोग्झानला ओरडावंसं वाटत होतं. पण चार दिवस छातीशी बाटल्या धरून बसलेल्या बाईवर तिला धड रागावताही येईना.

गुरुवारी आगाय आले, वाकले, सलाम म्हणाले. लेख अडला होता, त्यांच्यापासून लपवून चालणार नव्हतं; लारिसाचं नाव न काढता तोग्झानने कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. कितीदा पाठवलंस, विचारलं. तीनदा, ती म्हणाली.

"त्या हिवाळ्यानंतर साके भराभर वाढायला लागले," आगाय म्हणाले. "आधी बाटली भरायला दहा दिवस लागायचे, मग तीनच. मी म्हटलं, लारिसाची माया लागली. इतकी वर्षं विज्ञान शिकवलं मी, पोरी. मला कळायला हवं होतं. मी कळू दिलं नाही."

त्यांनी कागदाची घडी करून तिच्याच हातात दिली.

"लारिसाला सांगू नकोस. छातीशी धरून जगवलंय तिने त्यांना. तिला सोसायचं नाही."

तोग्झानने तोंडात मिठाची गुळणी धरली. दोघांनीही एकमेकांसाठी तिला गप्प राहायला सांगितलं. तिच्या चार वर्षांचं काय, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. त्यात दुष्टपणा नव्हता, त्यांना ते सुचलंच नाही, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं.

तिने लेख मागे घेतला. नवे रुग्ण, नव्या पेशी, नवी चार वर्षं यांतलं काहीही जूनच्या आत बसणार नव्हतं. विद्यापीठाच्या अर्जात, प्रबंध सादर न करण्याचं कारण, असा रकाना होता. खरं लिहिलं असतं तर तो कागद विभागाच्या सभेत मोठ्याने वाचला गेला असता आणि तिथे आगाय बसलेले असते, चहा द्यायला लारिसा उभी असती. तिने लिहिलं, वैयक्तिक.

वडील गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. ते फोनवर घाबरत म्हणाले, "पेशी मेल्या का ग तुझ्या?"

"नाही बाबा. छान वाढतायत."

जून सरला. बाटल्या फेकून दे असं कोणी तिला सांगितलं नाही, आणि तिचाही हात धजेना. रविवारी ती ट्रॉलीबसने जाते, शिळं द्रव ओतून देते, ताजं घालते. ती हातमोजे काढते न काढते तोच लारिसा पाव्लोव्नाचा फोन येतो.

"साके जेवले का?"

"जेवले," तोग्झान म्हणते.