भोजराजने पाय ताणले तेव्हा

आंबागडच्या कबड्डी संघाचा कप्तान भोजराज शेतकरी होता, आणि चढाईला जाणारा इतवारी तलावात मासे धरणारा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरे, आणि मंडई म्हटली की सामने आलेच. १९७८ साली इतवारीने एकही सामना सोडला नाही. सकाळी डोंग्यात, छोट्या होडीत, पाय फाकवून जाळं फेकायचं, दुपारी चढाया करायच्या. हळूहळू त्याची जांघ दुखू लागली. डोंग्यात चढताना पाय हाताने उचलून ठेवावा लागे. पण सांगितलं की पोरं हसत, "लगन नवं आहे गा याचं." म्हणून तो गप्प राही.

मोहाडीच्या मंडईत मात्र त्याला धावताच येईना. नस चढली, असं भोजराजचं मत. त्यावर गावात एकच इलाज होता. माणसाला उताणं झोपवायचं, एकाने खांदे दाबायचे, दुसऱ्याने दोन्ही पाय फाकवून ताणायचे. भोजराजने ताणले. इतवारी ओरडला, तरी उठून खेळायला गेला. चढाईत त्याने पाय लांबवला आणि तिथेच कोसळला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात भोजराजच त्याला घेऊन गेला. इतवारी आत धोतर नेसत होता तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "मांडीचा स्नायू कमरेच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथे रोजच्या ताणाने आधीच दुखावला होता. आराम दिला असता तर भरून आला असता. ओढून फाडला. कोणी ताणलं याला?"

"गावातल्यांनी," भोजराज म्हणाला.

त्या वर्षी तो इतवारीकडे तांदूळ पोचवत राहिला. "भाऊजी, तुमच्यासारखा सोबती नाही," इतवारीची बायको रेवताबाई म्हणे. भोजराज दारातूनच परत फिरे.

पुढच्या वर्षीच्या मंडईला इतवारी लंगडत आला आणि सगळ्यांसमोर तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, उताणा झोपला.

"भोजराजभाऊ, ताण एकदा. तुह्या हाताले गुण आहे."

संघातला मुरारी खांदे दाबायला बसलाही. भोजराजने घोटे धरले, आणि सोडून दिले.

"नाही ताणत. मागच्या खेपेस मीच तुहा पाय बिघडवला. डाक्टरनं मले सांगतलं होतं. मी तुले सांगतलं नाही."



"तांदूळ कायले देऊन राहिला होता, ते आता समजलं," म्हणत इतवारी मुरारीला धरून उठला आणि घरी गेला. संघ त्याच्याविना खेळला, हरला.

दुसऱ्या सकाळी भोजराज तलावावर गेला. इतवारी जाळं मांडीवर घेऊन काठावर बसला होता. त्याने जाळं फेकायला भोजराजच्या हातात दिलं. मग जाळ्याची दोरी भोजराजच्या मनगटाला बांधत म्हणाला, "पाय जास्त फाकवू नको. तुले कोण ताणन?"