साखर पेठेतल्या चिनी सुया

ज्याचं काहीच दुखत नाही असा माणूस सोलापूरच्या साड्यांच्या कारखान्यात मला आजवर भेटलेला नाही. विणकराचा खांदा, रंगाऱ्याची कंबर, कारकुनाची मान! आणि दुखणं आलं की औषध सांगणारा आलाच. त्यामुळं मागाखाली सुताचा कचरा साठतो तसे आमच्याकडं हे किस्से साठलेत. परवा हॉटेलात चहा पिताना एकानं विचारलं, "अप्पा, तो सुयावाला डॉक्टर खरंच होता का हो?" होता म्हणजे? दोन महिने आमच्या सगळ्या पेठेच्या डोक्यावर बसला होता! मी तेव्हा साखर पेठेतल्या साड्यांच्या कारखान्यात कारकून होतो, सगळं डोळ्यांनी बघितलंय. ऐका.

आधी नरसय्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापासून सुरू झालं. नरसय्या आमचा सगळ्यात जुना विणकर. तेलुगू माणूस, बोलणं मोजकं, पण त्याची साडी व्यापारी घडी न मोडता घेऊन जायचे. मागावर वर टांगलेली दोरी उजव्या हातानं ओढली की आडवं सूत घेऊन धोटा सटकन पळतो. तीस वर्षं त्यानं ती दोरी ओढली आणि एके दिवशी खांदाच धरला. हात छातीच्या वर जाईना. तेल झालं, शेक झाला, तुंबडी लावून झाली, दवाखान्यातलं मलम झालं. हात तिथंच!

शेवटी मालक म्हणाले, "नरसय्या, घट बसेपर्यंत तुझा माग रिकामा ठेवतो. नंतर दुसरा माणूस बसवावा लागेल. माझाही नाइलाज आहे."

घरात खाणारी सहा माणसं आणि मिळवणारा हा एकटा. तो नुसता "बरं मालक" म्हणाला आणि खाली मान घालून गेला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

*

नेमकी त्याच आठवड्यात पेठेच्या कोपऱ्यावर पाटी लागली. "डॉ. बसलिंगप्पा. शांघाय रिटर्न. जुनाट दुखण्यांवर चिनी सुया, चिनी धुरी, चिनी काढे."

आणि डॉक्टरांचं गाव कुठलं? अक्कलकोटजवळचं मैंदर्गी!

अंगात रेशमी कोट, डोक्याला रुमाल, चष्म्याला दोरा. म्हणे कुठल्या व्यापाऱ्याबरोबर स्वयंपाकी म्हणून चीनला गेला आणि तिथं एका म्हाताऱ्या वैद्याच्या हाताखाली दहा वर्षं काढली. माझं स्पष्ट मत होतं, की या गृहस्थानं मुंबईच्या गोदीपुढं पाऊल टाकलेलं नाही. मी तोंडावरच विचारलं, "कॉलेज कुठलं हो तुमचं?"

"कॉलेज कशाला? शिकलो की मी!"

शिकला म्हणे, कपाळ! मी नरसय्याला बजावलं, "त्या भोंदूच्या वाटेला जाऊ नकोस." तो म्हणाला, "अप्पा, बाकी सगळ्या वाटा झाल्या की." आणि गेला.

*

या डॉक्टरची तपासणी म्हणजे नाडी आणि जीभ. नाडी दोन्ही हातांची बघायची, तीनतीन बोटं ठेवून, डोळे मिटून. बराच वेळ. तोपर्यंत पेशंटला वाटायचं डॉक्टरला झोप लागली.

पहिल्या दिवशी आमच्या कारखान्यातले आठ जण गेले. आठही जणांना निदान एकच. "आत आग पेटलीय. जीभ लालभडक आहे."

अहो, आठही जण कोपऱ्यावर पान खाऊन आत शिरले होते!

मी मुद्दाम जाऊन ते सांगितलं. मला वाटलं, ओशाळेल. कसलं काय? म्हणाला, "मग उद्या पान न खाता या की." दुसऱ्या दिवशी मंडळी पान न खाता गेली. पण जेवण झाल्यावर तोंडात काहीतरी पाहिजेच, म्हणून सगळ्यांनी तंबाखू मळून खाल्ली. डॉक्टरनं जिभा बघितल्या आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "बघा, आग एका दिवसात विझली!"

*

गफूरभाई आमचे रंगारी. दिवसभर रंगाच्या हौदावर वाकून त्यांची कंबर गेलेली. डॉक्टरनं त्यांना पालथं झोपवलं, पाठीत अकरा सुया टोचल्या आणि "पडून राहा" सांगून पलीकडं जेवायला गेला. भाकरी, आमटी, वर ताक. साहेब विसरले!

तासाभरानं गफूरभाई कारखान्यात आले. अंगात सदरा नाही, चालणं नवऱ्यामुलासारखं ताठ. मी सवयीनं पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि ते किंचाळले, "हाथ नक्को लगाओ! पीठ में सुयां हैं!"

बघतो तर खरंच, अकराच्या अकरा सुया जागेवर!

"अहो, पण तसेच आलात कसे?"

"मेरेकू क्या मालूम? डाक्टर गये सो आयेच नैं. मैं समझा, सुयां घर लेको जानेकी रैती!"

तेवढ्यात डॉक्टर धापा टाकत आला आणि त्यानं हौदापाशीच सुया काढल्या. मी हसून हसून बेजार. म्हटलं, आता गफूरभाई ह्याची चांगली खरडपट्टी काढणार. तर हे उठले, वाकले, जमिनीवरची बादली उचलली आणि म्हणाले, "कमर तो एकदम फस्ट क्लास!" असली माणसं असल्यावर भोंदूंचं फावणार नाही तर काय?

*

मग आलं पथ्य. डॉक्टरनं फर्मान काढलं, "शेंगाची चटणी बंद."

सोलापुरात शेंगाची चटणी बंद! माणसानं भाकरी कशाशी खायची, मिठाशी? दोन दिवसांत दवाखाना ओस पडला. कमरेनं वाकलेले, गुडघ्यांनी लंगडे, सगळे आपापल्या घरी भाकरी आणि चटणी खाऊन सुखानं कण्हत बसले. एक जण तर मला म्हणाला, "अप्पा, दुखणं सोसंल, पण हे न्हाय सोसत!"

चौथ्या दिवशी पाटीखाली खडूनं लिहिलेलं दिसलं. "चटणी चालेल."

मी विचारलं, "काय डॉक्टर, चार दिवसांत शास्त्र बदललं?"

"शास्त्र तेच आहे की. पेशंट सोलापूरचे निघाले!"

*

दवाखान्याच्या भिंतीवर एक चिनी चित्र होतं. एक जवळजवळ उघडा, टकला माणूस. त्याच्या अंगभर रेघा, डॉक्टर त्यांना शिरा म्हणायचा, रेघांवर टिपके आणि टिपक्यांशेजारी चिनी अक्षरं. सुया कुठं टोचायच्या त्याचा तो नकाशा.

नरसय्या पाळी येईपर्यंत त्या चित्रासमोर बसायचा. पण विणकराची नजर ती! त्याला त्यात माणूस दिसेच ना. सात टिपके, मग जागा, मग नऊ, मग वळण. एक दिवस त्यानं डाव्या हातानं चौकटीच्या कागदावर ते सगळं उतरवलं आणि मालकांना दाखवलं. "काठाला बरं दिसंल." मालकांनी दुसऱ्या मागावर वीस साड्या काढल्या. चिनी काठ म्हणून इथल्या आणि पंढरपूरच्या दुकानांत हां हां म्हणता खपल्या!

डॉक्टरला हे कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा भाजी घेताना त्यानं एका बाईंच्या अंगावर तो काठ बघितला आणि भर बाजारात ओरडला, "अहो बाई! तुमच्या काठावर पोटाची शीर आहे! तीसुद्धा उलटी!"

बाईंच्या नवऱ्यानं त्याला पिशवीनं हाणत दवाखान्यापर्यंत आणलं. मी म्हटलं, बरं झालं! आत नरसय्या बसलेलाच होता. डॉक्टर त्याच्यावरच घसरला, "अहो, चोरलीत ती चोरलीत, निदान सुलटी तरी विणायची!"

नरसय्या शांतपणे म्हणाला, "एक काठ सुलटा हाय की. दुसरा फिरवला. दोन्ही काठ समोरासमोर यायला नकोत व्हय?"

*

आता माझंही सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कोणी तरी तिखटमीठ लावून सांगेल. माझी मान. लिहून लिहून ती अशी आखडायची, की हाक आली तर अख्खा वळायला लागायचं. मी त्या दवाखान्यात गेलो तो फक्त लबाडी पकडायला! पेठेतले लोक जेवायला गेल्याची वेळ साधून गेलो, हे खरं.

त्यानं सुया टोचल्या, वर कसला तरी वाळका पाला पेटवून धुरी दिली. घरी आलो तर बायको दारातच म्हणाली, "अगं बाई, तुम्हीही गेलात का तिकडं?" सगळ्या पेठेला तो वास पाठ झाला होता! मला काय माहीत?

मान तीन दिवस अजिबात दुखली नाही. चौथ्या दिवशी दुखली. झालं की नाही सिद्ध, की हे सगळं थोतांड आहे? त्यानंतर मी आणखी पाच वेळा गेलो, पण ते निव्वळ खात्री करायला.

*

असं करता करता घट बसायला चार दिवस उरले. नरसय्याचा हात दोन महिन्यांत छातीपासून हनुवटीपर्यंत आला होता, पुढं हलत नव्हता. दोरी असते डोक्याच्या वर. मालकांनी नवा विणकर बोलावून ठेवला होता. तरी भला माणूस, म्हणाले, "चला अप्पा, एकदा डोळ्यांनी बघू." आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. नरसय्याची बायको दाराशी उभी होती, डोळे रडून सुजलेले. बाहेर ही गर्दी!

मालक म्हणाले, "नरसय्या, हात डोक्यावर गेला तर माग तुझा."

डॉक्टरनं सुई काढली आणि टोचली कुठं? नडगीत! खांदा दुखतोय वर आणि हा शहाणा टोचतोय खाली! मी मोठ्यांदा "वा!" म्हटलं. डॉक्टर सुई फिरवत म्हणाला, "उचला." हात हनुवटीला आला आणि थांबला. नरसय्याच्या कपाळावर घाम. "परत." परत हनुवटी. मालक जायला वळले. ती बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला त्या सुईवाल्याचा असा संताप आला, की काय सांगू!

तेव्हा डॉक्टर सुई तशीच ठेवून उठला, बाईंच्या पदराकडं बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही साडी यांनीच विणलेली ना? काठ वाकडा आहे की! मालक, असल्या हातासाठी कशाला माग अडवून ठेवलात? नवा माणूस बसवा. हा हात बरा झाला नाही तेच बरं!"

नरसय्या ताडकन उठला. उजवा हात वर गेला, डोक्याच्याही वर गेला आणि तिथनं जो खाली आला, तो आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. डॉक्टर भिंतीवर आपटला. चष्मा एकीकडं, रुमाल एकीकडं.

नरसय्या स्वतःच्या हाताकडं बघत उभा होता, नडगीत सुई तशीच. मालक हळूच म्हणाले, "उद्या सकाळी मागावर ये."

डॉक्टरनं जमीन चाचपून चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला. एक गाल टम्म फुगलेला. नरसय्याच्या तोंडाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. खांद्यावर तीन बोटं ठेवली आणि म्हणाला,

"हं. परत एकदा वर करा बघू. पण जरा सावकाश."