स्पिरिटनं धुतलेल्या नळ्या

दुष्काळात आमच्या गावात टँकर आठ दिवसांनी यायचा. दूध संस्थेत स्पिरिटचे कॅन मात्र भरलेले असायचे. मी तिथं दूध तपासायचो. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, पाणी घालून पातळ केलेलं स्पिरिट दुधाएवढंच ओतायचं, हलवायचं. गुठळ्या झाल्या की दूध नासायला आलेलं, माघारी. विद्या एवढीच, पण खुर्चीवर बसून करायचो म्हणून स्वतःला साहेब समजायचो.

नळ्या धुवायला पाणी न्हाई. मग मी डोकं लढवलं आणि कॅनमधल्या कडक स्पिरिटनंच नळ्या धुवायला लागलो. काच लखलखीत, पाण्याचा थेंब लागत नाही. चेअरमन म्हणाले, "गडी हुशार हाय." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर.

त्याच आठवड्यात गावातलं दूध लई फाटायला लागलं. मी उन्हाला नावं ठेवली, कडब्याला ठेवली, बायकांच्या किटल्यांनाही ठेवली. मेंढरं विकून एकच म्हैस राखलेली एक मावशी होती. तिचं दूध दोनदा माघारी धाडलं. तिसऱ्यांदा फाटलं तर संस्था त्या घरचं दूध कायमचं बंद करणार होती, आणि त्या साली तिची चूल त्या म्हशीवरच पेटत होती.

तिसऱ्या दिवशी मावशी आली, एका हातात किटली, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. मी दूध ओतणार तेवढ्यात तिनं नळी काढून घेतली आणि नाकाला लावली.

"माझी म्हैस शुद्धीवर हाय," ती म्हणाली. "तुझी नळीच पिऊन आलीया."

रांग हसली. मी नळी उजेडात धरली. घाईत निथळायची राहिलेली, तळाला कडक स्पिरिट तसंच. त्यात चांगलं दूधही फाटणारच. दारूत पाणी घालून फसवणारे गावात पुष्कळ होते, पाणी न घालता फसवणारा मी एकटाच निघालो.

मावशीनं तांब्यातल्या पाण्यानं नळी विसळली. मी पुन्हा तपासलं. एक गुठळी न्हाई. लाजेनं मला वर बघवेना.

"चुकलं, मावशी."

"ते दिसलं. आता सकाळधरनं ज्येंला माघारी धाडलंस त्येंला बी बोलाव," म्हणत तिनं तांब्या माझ्यापुढं ठेवला.

पाच जण परत आले. प्रत्येकाची नळी मी त्याच पाण्यानं विसळली. एकाचंही दूध फाटलं नाही. शेवटी रिकामा तांब्या उचलून ती घराकडं निघाली. ते तिच्या घरातलं प्यायचं पाणी होतं, आणि टँकरला अजून तीन दिवस होते.