सिनेमात जाळंच नव्हतं

“म्हाताऱ्याच्या हातात बंदूक कोणी दिली?”

मध्यंतराचे दिवे लागतात न लागतात तोच मागच्या रांगेतून आवाज फुटला. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचा तांडेल होता तो, म्हणजे बोटीचा म्होरक्या. इंजिनाच्या वरताण ओरडायची सवय. तिकडे लांब देवरूखच्या एसटी स्टँडवर डुलक्या घेणारा कंडक्टरसुद्धा दचकून उठला असणार.

पॉपकॉर्नच्या रांगेत त्याने मला पकडलं. ना ओळख ना देख, पण सिनेमा ज्यावरून काढला ते अख्खं कॉमिक त्याने मला ऐकवलं. समुद्र आटलाय, सरकारने माणसांना भिंतीआड कोंडलंय, आणि तिथे एक म्हातारा रोज जाळं विणतो.

“बस, विणतो. दुसरं काय करत नाय. सरकार त्यालाच घाबरतं. आणि ह्यांनी जाळं काढून बंदूक दिली, बोला.”

सांगताना त्याची बोटं हवेत गाठी मारत होती, इतक्या झपाट्याने की निम्मी रांग त्यात अडकायची. एखाद्या पुस्तकासाठी इतका मनापासून चिडलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एकदम त्याचा आवाज उतरला. “बायकोला हट्टाने आणलंय, साहेब. ट्रंकेत एवढं काय जपून ठेवलंय ते तिला कळावं म्हणून. आता तिला वाटणार, इतकी वर्षं मी हा असला धांगडधिंगा वाचतोय.”

बायको चहाचे दोन कप घेऊन मागेच उभी होती. एक तिने त्याच्या हातात दिला.

“वाचलंय मी ते,” ती म्हणाली. “तुम्ही बोटीवर असता तेव्हा.”