साधा स्पीकर

इंदरगंजच्या चौकात सुटे भाग जोडून रेडिओ बनवणारे एक गृहस्थ बसत. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या रेडिओसाठी त्यांनी एकेक व्हॉल्व्ह कानाशी धरून नखानं टिचकी मारली आणि निम्मे बाजूला सारले. स्पीकर तर स्वतःसाठी जपलेला, विलायती बसवला.

"लवकर द्या," मी म्हणालो. "इथली राजधानी भोपाळला गेली, आता आमची कचेरीही चाललीय."

त्यांनी स्क्रू फिरवून तो स्पीकर काढला आणि साधा बसवला.

"इथलं अच्छं तेवढं सगळं तिकडेच न्यायचं काय?"

मी भडकलो. जणू राजधानी मीच उचलून नेत होतो!

भोपाळात बातम्या घरघरतात. बायको म्हणते, स्पीकर बदला. कुठल्या तोंडानं बदलू?