सोफ्याचे घरमालक

एका सोफ्याची लाज वाटली म्हणून मी माझा राहता फ्लॅट दुसऱ्याला देऊन टाकला. कागदोपत्री नव्हे, तोंडी. पण तोंडी दिलेली गोष्ट परत घेताना घशात किती अडकते, ते मला मागच्या वर्षी कळलं.

आमच्या सईने आपलं लग्न आपणच जमवलं होतं. मुलाचे आईवडील पहिल्यांदाच आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आले होते. मुलाच्या वडिलांनी चपला काढता काढता हॉलमध्ये नजर टाकली आणि म्हणाले, "वा! सोफा फार धीट आहे हो तुमचा."

पुण्यात 'धीट' हे कौतुक नसतं. माझे कान तापले. "छे, छे, आमचा नाही," मी म्हणालो, "घरमालकांचा आहे. आम्ही भाड्याने राहतो."

"असं होय. आणि हे?"

'हे' म्हणजे सोफ्यावर बसलेले मामा. माझ्या बायकोचे, वैशालीचे थोरले भाऊ, सईचे सख्खे मामा. तो सोफा त्यांनीच आम्हाला दिलेला. मी तोंड उघडण्याआधीच ते उठले, हात जोडून म्हणाले, "मी घरमालक. आठवड्यातून एकदा सोफ्याची तब्येत बघून जातो. बसा ना, बसा. मी निघतच होतो." आणि जिना उतरून गेलेसुद्धा. वैशाली पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या ट्रेमध्ये एक बशी जास्त होती.

मामा मूळचेच रंगाचे माणूस. मंडईमागच्या एका खोलीत एकटे राहायचे, पण खोलीतून बाहेर पडले की गल्लीला सण असल्यासारखं वाटायचं. जांभळा सदरा, शेंदरी सदरा, एकदा तर कोवळ्या कैरीच्या रंगाचा. नोकरी सगळी सरकारी कचेरीत गेली. "आयुष्यभर खाकी फायली बघितल्या, दाजी," ते मला म्हणायचे, "आता डोळ्यांची पेन्शन सुरू झालीये." मी पडलो पांढऱ्या आणि फिक्या निळ्या शर्टांचा माणूस. त्यावरही त्यांचं मत होतं. "पांढरा वाईट नाही. पण तो रंग नव्हे, रंग ठरवायचा राहून गेलाय एवढंच."

आमच्या वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची घड्याळं दिली. मामांनी सोफा दिला. एका कारागिराकडे बसून, उरलेल्या चामड्याच्या तुकड्यांतून करवून घेतलेला. बैठक टोमॅटोसारखी लाल, हात मोहरीचे, पाठ मोरपिशी आणि कडेने पोपटी पट्टी. तो लिफ्टमध्ये मावेना. चार माणसं जिन्याने वर आणू लागली आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी विचारलं, "सर्कस किती दिवस आहे?" मी हसलो. मामाही हसले, पण मोकळेपणाने.

आमचा हॉल दहा बाय बाराचा. त्यात हे प्रकरण ठेवल्यावर बाकीचं काय करायचं, यावर मी माझी बुद्धी चालवली. सोफ्याला जोड म्हणून मी लाल पडदे, सोनेरी फ्रेमचा आरसा आणि फुलाफुलांचा गालिचा आणला. मामांनी पुढच्या रविवारी सगळं बघितलं, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "दाजी, घरात एक जण मोठ्याने बोलणारा असला, की बाकीच्यांनी जरा गप्प बसावं." मग आम्हालाच कामाला लावलं. पडदे परत गेले, त्यांच्या जागी साधे मांजरपाटाचे आले. आरसा बेडरूममध्ये गेला. माझ्या कॅरमच्या ढालींचं शोकेस गॅलरीत गेलं. "ढाली दिसल्या की पाहुणे खेळाचं विचारतात, आणि तुम्ही सांगत बसता," हे त्याचं कारण. भिंती ताकाच्या रंगाच्या झाल्या, खिडकीत मनी प्लांट आणि गवती चहाच्या कुंड्या आल्या. खोली खरोखर मोठी वाटू लागली. सोफा तेवढा बोलत होता, आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलत होता.

मामांचा आणखी एक नेम होता. ते सोफ्यावर कव्हर घालू द्यायचे नाहीत. मी एकदा ऑफिसातली माणसं येणार म्हणून त्यावर पांढरी चादर अंथरली होती. मामा आले, चादर बघितली आणि म्हणाले, "कोण गेलं?" वैशाली पोट धरून हसली. चादर निघाली. पण मनातली निघाली नव्हती, हे त्या पाहुण्यांपुढे सिद्ध झालं.

पाहुणे गेल्यावर वैशालीला सगळं सांगावंच लागलं. तिने ती जास्तीची बशी झाकून ठेवली. मग म्हणाली, "अहो, उद्याच्या उद्या फोन करून खरं सांगा." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोनवर कसं सांगायचं, समक्ष सांगू. समक्ष भेटलो, तेव्हा वाटलं, इतक्या चांगल्या गप्पा चालल्यात, आता कशाला. खोटारड्याची मुलगी म्हणून सईकडे बघतील, असंही स्वतःला पटवलं. भित्र्या माणसाला कारणं फार सुचतात.

मामांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. रविवारी येत राहिले. फक्त आता येण्याआधी फोन करायचे. "दाजी, पाहुणे नाहीत ना आज?" एवढंच विचारायचे. पूर्वी या माणसाने आमची बेलसुद्धा कधी वाजवली नव्हती, सरळ हाक मारून आत यायचा.

साखरपुड्याला मामा आले ते पांढरा शर्ट घालून. मी त्यांना ओळखलंच नाही. मागच्या रांगेत बसले. सईच्या होणाऱ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "घरमालकसुद्धा आले! आजकाल कोण इतकं जपतं?" मामा म्हणाले, "पोरीला लहानपणापासून बघतोय." सई बहुतेक तेव्हाच सगळं समजली. तिने त्या दिवशी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला नाही.

लग्न तोंडावर आलं तेव्हा मामा घरी आले. सोफ्यावर न बसता दाराजवळच्या खुर्चीवर बसले. "एक सुचवू का दाजी? मुलीला मंडपात आणायला आमच्या चुलत भावाला सांगा. तोही मामाच लागतो. गुरुजी 'मामा, मुलीला आणा' म्हणणार, आणि घरमालक उठणार. लोक हसतील तुम्हाला."

मला. लोक मला हसतील, याची त्यांना काळजी होती. सई जन्मली त्या दिवसापासून हा माणूस म्हणत आला होता, की हिला मंडपात नेताना मी असा सदरा घालीन की नवरदेव झाकोळेल.

मी तसाच उठलो आणि रिक्षाने थेट व्याह्यांच्या घरी गेलो. घर आमचंच आहे, सोफाही आमचाच आहे, आणि घरमालक म्हणजे सईचे सख्खे मामा आहेत, असं एका दमात सांगून टाकलं. व्याही शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "घर तुमचं आहे ते आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं. खाली सोसायटीच्या बोर्डावर फ्लॅटमालकांच्या यादीत तुमचं नाव वाचूनच वर आलो होतो. सोफा कोणाचा, ते मात्र बोर्डावर नव्हतं. तुम्ही लपवताय तर काही कारण असेल, म्हणून विचारलं नाही. आमची हीसुद्धा तुमचं मन राखायलाच त्यांना घरमालक म्हणत होती."

म्हणजे इतके महिने मामा ज्या खोट्यासाठी मागच्या रांगेत बसले, त्या खोट्याची कोणालाच गरज नव्हती. परतीच्या रिक्षात मी रिक्षावाल्याकडेही मान वर करून बघू शकलो नाही.

मी घरी येऊन सांगितलं, तसा सईने मामांना फोन केला. "मामा, मला तुम्हीच आणायचं. आणि पांढरा घातलात तर मी खोलीतून बाहेर येणार नाही." गुरुजींनी हाक दिली, तेव्हा मामा केशरी सदऱ्यात, तिचा हात धरून, इतके ताठ चालत आले की सगळं कार्यालय त्यांच्याकडेच बघत होतं. मी अक्षता हातात घेऊन उभा होतो. त्या मी कधी टाकल्या, मला आठवत नाही.

त्यानंतर मामा जेमतेम आठ-नऊ महिने होते. झोपेतच गेले. दिवस झाल्यावर व्याही भेटायला आले. सोफ्यावर बसून, त्याच्या मोहरी रंगाच्या हातावर बोटं फिरवत म्हणाले, "पण तुमचं मला फार आवडलं हो. स्वतः येऊन सगळं खरं सांगितलंत. त्याला मोठं मन लागतं." मी 'छे छे' म्हणालो. पण त्या छे छेच्या आत मी थोडा सुखावलोही होतो. तेही आता लिहून टाकतो.

ते गेल्यावर वैशाली कप गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्यांच्याकडे जाऊन सांगून आलात, चांगलं केलंत. दादाकडे कधी गेला होतात?"