आतड्यांच्या खोलीतली एक पाळी

दर सोमवारी नवी माणसं कत्तलखान्याच्या कँटीनमध्ये बसली की तिथलं चाचणी-लसीचं काम बघणारी नोलीन शर्टाची वरची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवायची. "मीही आतडीच धुवायचे. ताप आला, फ्लू समजून कामावर येत राहिले. शेवटी हृदयाची झडप बदलावी लागली." या रोगाचे, क्यू फीवरचे, जंतू गाभण गाईच्या गर्भपिशवीत असतात, वाळले की धुळीतून उडतात, हे ती दर वेळी तितक्याच तळमळीने सांगायची. आधी चाचणी, मग लस, मग पंधरा दिवस थांबायचं; तोवर आत पाऊल टाकायचं नाही.

त्या मार्चमध्ये व्हानुआतू बेटांवरून कालो कामाला आला. चाळिशीचा, तीन पोरींचा बाप. "म्हणजे मावशी, तुमच्याकडची गाय मेल्यावरही लाथ मारते!" सगळे हसले. नोलीन हसली नाही.

गुरुवारी आतड्यांच्या खोलीत दोन माणसं कमी पडली. कालोच्या चाचणीचा निकालही आला नव्हता. तरी मर्विन, आमचा मुकादम, त्याला म्हणाला, "एकच पाळी रे. मास्क लाव की झालं."

मी शेजारच्या टेबलावर होतो. दहाच्या सुमारास कालोच्या सुरीखाली गर्भाची पिशवी फाटली आणि आतलं पाणी त्याच्या तोंडावर उडालं. मास्क भिजून गालांना चिकटला.

मी नोलीनला बोलावून आणलं. तिने कालोला नळाखाली उभं केलं आणि मर्विनकडे वळली.

"कुणाला विचारून पाठवलंस याला?"

"एवढं काय त्यात? आता टोच की लस."

"आता टोचून उपयोग नाही. आता नुसती वाट बघायची."

रोज सकाळी फाटकावर ती त्याचा ताप बघू लागली. पहिला आठवडा तो चेष्टा करायचा. अठराव्या दिवशी भर उन्हात जाकीट घालून आला. "मावशी, डोळ्यांच्या मागे ठणकतंय."

नोलीनने त्याला तडक इस्पितळात नेलं आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत रोगाचं नाव सांगितलं. औषध लगेच सुरू झालं. ताप उतरायला दोन आठवडे लागले. मर्विनला मालकांनी काढलं. कालो वाळून काटकी झाला आणि जूनमध्ये घरी परतला.

नोलीन दर रविवारी त्याला फोन करते. परवा तो म्हणाला, "मळ्याचा चढ चढताना धाप लागते. वय झालं, मावशी."

"रात्री झोपेत घामाने कपडे भिजतात का?"

"रोज रात्री सदरा बदलतो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उद्याच्या बोटीने मोठ्या इस्पितळात जा," ती म्हणाली. "हृदयाची झडप तपासायला सांग. जाताना बायकोला बरोबर घे."